डॉ. केरी यांचें थडगें

आपल्या नाशिक क्षेत्रीं उपाध्यायांच्या वह्यांत घराण्यांच्या पिढ्या सांपडतात. ख्रिस्ती घराण्यांसाठीं आम्ही थडग्यांवरील शिळा वाचतों. शिळा मात्र कधीं कधीं चकवितात.

सन १८०५ मध्यें मराठी व्याकरण छापणारे डॉ. विल्यम केरी १८३४ सालीं बंगालांतील श्रीरामपुरास वारले. दुसरी पत्नी शार्लट हिच्या शेजारीं आपणांस पुरावें, असें त्यांनीं मृत्युपत्रांत लिहिलें होतें. तेवढ्यावरून वंशवृक्ष काढणारा तिलाच त्यांच्या पुत्रांची माता मानील. वास्तविक फेलिक्स, विल्यम, जेबेझ व जोनाथन हे सारे पहिली पत्नी डोरोथी हिचे. ती बापडी मनाविरुद्ध हिंदुस्थानांत आली. १७९४ सालीं पांच वर्षांचा पीटर गेला, आणि पुढें तिची बुद्धि भ्रमली ती १८०७ सालीं मरेपर्यंत. आम्हांस या मातेविषयींच अधिक वाईट वाटतें. १८०८ सालीं शार्लट घरांत आली. १८२१ सालीं तीही वारली, तेव्हां केरींनीं ग्रेस नांवाच्या विधवेशीं विवाह केला. या दोघींस केरींपासून मूल झालें नाहीं.