रूझवेल्ट यांचा रक्तदाब

फ्रँकलिन डेलानो रूझवेल्ट यांच्या आजारपणाचा विषय निघाला की पोलिओचेच नाव पुढे येते. ते स्वाभाविकही आहे. वयाच्या ३९व्या वर्षी दोन्ही पाय लुळे पडलेला माणूस पुढे अमेरिकेचा अध्यक्ष होतो, मंदीत रुतलेला देश बाहेर काढतो, चार वेळा निवडून येतो, ही कहाणी विलक्षणच आहे. मात्र त्यांचा बळी घेतला तो पोलिओने नव्हे. शहरातल्या बहुतेक घरांतून ज्याची गोळी कोणी ना कोणी सकाळच्या चहाबरोबर घेत असते, त्या उच्च रक्तदाबाने हा माणूस गेला. तोही अचानक नव्हे, तर डॉक्टरांच्या डोळ्यांदेखत, वर्षानुवर्षे आकडे चढत असताना.

रूझवेल्ट यांचा जन्म ३० जानेवारी १८८२ रोजी न्यूयॉर्क राज्यातील हाइड पार्क येथील श्रीमंत घराण्यात झाला. फ्रँकलिन लहान असतानाच वडील जेम्स यांना हृदयविकाराने गाठले होते. त्यांच्या उपचारांसाठी हे कुटुंब जर्मनीतील बाड नाउहाइम येथे जात असे. हृदयरोग्यांसाठी तेथील उष्णोदकस्नान त्या काळी प्रसिद्ध होते. घरात वडिलांना त्रास होईल असे काही बोलायचे नाही, आपल्याला काही दुखले-खुपले तरी चेहऱ्यावर दिसू द्यायचे नाही, हा धडा या मुलाने तेथेच गिरवला असावा. जेम्स १९०० मध्ये निवर्तले, तेव्हा फ्रँकलिन हार्वर्डमध्ये शिकत होते. आज कोणताही डॉक्टर रुग्णाला पहिल्या भेटीत वडिलांना हृदयविकार होता का, असे विचारतो. रूझवेल्ट यांच्या बाबतीत उत्तर होकारार्थी होते.

पुढचा राजकीय प्रवास सर्वश्रुत आहे. वुड्रो विल्सन यांच्या कारकिर्दीत ते नौदल खात्याचे सहायक सचिव होते. १९१९ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने विल्सन अंथरुणाला खिळले आणि त्यांची खरी अवस्था देशापासून दडवून ठेवण्यात आली. ते नाट्य रूझवेल्ट यांनी जवळून पाहिले होते. १९२१ च्या ऑगस्टमध्ये पोलिओ झाला. १९२६ मध्ये त्यांनी जॉर्जियातील वॉर्म स्प्रिंग्ज हे गरम पाण्याच्या झऱ्यांचे ठिकाण विकत घेतले आणि तेथे पोलिओग्रस्तांसाठी उपचारकेंद्र उभारले. न्यूयॉर्कचे गव्हर्नरपद आणि मग ४ मार्च १९३३ रोजी अध्यक्षपद. चाकाच्या खुर्चीतली त्यांची छायाचित्रे वृत्तपत्रांत जवळजवळ येतच नसत. पायांना पोलादी पट्ट्या बांधून, कोणाच्या तरी दंडाचा आधार घेऊन ते व्यासपीठावर उभे राहत आणि लोक समजत की आपला अध्यक्ष थोडासा लंगडतो, इतकेच. पायांबाबत जे जमले, ते हृदयाबाबतही जमेल असे त्यांच्या भोवतालच्या मंडळींना वाटले असल्यास नवल नाही.

व्हाइट हाउसचे डॉक्टर रॉस मॅकिन्टायर हे नौदलातील कान, नाक व घशाचे तज्ज्ञ होते. अध्यक्षांना सायनसचा त्रास वरचेवर होई, त्यामुळे ही निवड सोयीची ठरली. रक्तदाबही अधूनमधून मोजला जाई. १९३५ मध्ये तो १३६/७८ होता. १९३७ मध्ये १६२/९८ झाला आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये १८८/१०५. यावर काय उपाय झाले? जवळपास काहीच नाही.

येथे मॅकिन्टायर यांना एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे मात्र अन्यायाचे होईल. त्या काळचे वैद्यकशास्त्रच या बाबतीत संभ्रमात होते. वय वाढले, रक्तवाहिन्या कडक झाल्या, की त्यांतून रक्त ढकलण्यासाठी शरीर आपणहून दाब वाढवते, तो वाढणे आवश्यकच आहे, अशी अनेक नामवंत डॉक्टरांची समजूत होती. असा दाब कमी करणे धोक्याचे, असे पाठ्यपुस्तकांतूनही सुचवले जाई. आणि कमी करायचा म्हटले तरी हाताशी होते काय? झोपेची औषधे, विश्रांती, मीठ तोडणे आणि निवडक रुग्णांवर मज्जातंतू कापण्याची अवघड शस्त्रक्रिया.

वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना हृदयाच्या डाव्या जवनिकेला अधिक जोर लावावा लागतो. व्यायामाने दंड फुगतो तशी तिची भिंत जाड होते. काही वर्षे हे निभते. मग स्नायू थकतो, हृदय ताणून मोठे होते, रक्त पुरेशा जोमाने पुढे जात नाही आणि फुप्फुसांत पाणी साचू लागते. दुसरीकडे मेंदूतील आणि मूत्रपिंडांतील बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती त्याच माऱ्याने झिजत असतात. माणसाला बरीच वर्षे यातले काहीही जाणवत नाही. रूझवेल्ट तर दिवसाला वीस-तीस सिगारेटी ओढत आणि महायुद्ध चालवत होते.

नोव्हेंबर १९४३ च्या अखेरीस तेहरान परिषद झाली. तेथून परतल्यावर त्यांना फ्लू झाला आणि तो सरला तरी थकवा सरेना. खोकला राहिला, कागद वाचता वाचता डुलकी लागू लागली. कन्या ॲना हिने मॅकिन्टायर यांच्यामागे तगादा लावला, तेव्हा कुठे मार्च १९४४ च्या अखेरीस बेथेस्डा येथील नौदलाच्या रुग्णालयात तपासणी झाली. तपासणारे डॉक्टर होते हॉवर्ड ब्रुएन, चाळिशीच्या आतले हृदयरोगतज्ज्ञ. त्यांना जे दिसले त्याने ते हादरले. ओठ व नखे निळसर, जरा हालचाल केली की धाप, फुप्फुसांच्या तळाशी पाणी साचल्याचे आवाज, क्ष-किरण चित्रात बरेच मोठे झालेले हृदय आणि रक्तदाब १८६/१०८. निदान सरळ होते. दीर्घकालीन उच्च रक्तदाबामुळे डावी जवनिका निकामी होत चालली होती.

ब्रुएन यांनी पूर्ण विश्रांती, कमी मीठ, वजन घटवणे आणि डिजिटालिस हे औषध सुचवले. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टराने १७८५ मध्ये ज्याचे गुण जगापुढे मांडले, तेच हे फॉक्सग्लोव्हच्या पानांचे औषध. मॅकिन्टायर आधी राजी नव्हते. अध्यक्षांना अंथरुणात निजवायचे तर युद्धाचे काय, हा त्यांचा सवालही अगदीच गैर नव्हता. ज्येष्ठ डॉक्टरांची बैठक बसली, वाद झाले आणि अखेर डिजिटालिस सुरू झाले. दोनच आठवड्यांत फुप्फुसे मोकळी झाली, हृदयाचा आकार थोडा उतरला, अध्यक्षांना शांत झोप लागू लागली. एप्रिलमध्ये दक्षिण कॅरोलिनातील एका मित्राच्या जमीनदारीवर ते सुमारे महिनाभर विसावले. सिगारेटीही बऱ्याच कमी झाल्या. रक्तदाब मात्र खाली यायला तयार नव्हता.

या सगळ्यात सर्वांत चमत्कारिक बाब म्हणजे रुग्णाचे मौन. ब्रुएन यांना ताकीद होती की आपण होऊन रुग्णाला काही सांगायचे नाही, आणि रुग्णानेही कधी काही विचारले नाही. जवळजवळ रोज एक हृदयरोगतज्ज्ञ येतो, दाब मोजतो, हृदयालेख काढतो, नव्या गोळ्या देतो. आणि जगातला सर्वांत सामर्थ्यवान माणूस हे कशासाठी, असे एकदाही विचारत नाही. त्यांना काहीच कळत नसेल, हे पटत नाही. ते कळून घ्यायचे नव्हते, असेच म्हणावे लागते.

अशा अवस्थेत त्यांनी चौथ्यांदा निवडणूक लढवली. पक्षातल्या धुरिणांना मात्र रंग दिसला होता. म्हणूनच जुलै १९४४ मध्ये शिकागोच्या अधिवेशनात उपाध्यक्षपदासाठी हेन्री वॉलेस यांना बाजूला सारून हॅरी ट्रुमन यांना पुढे करण्यात आले. आपण बहुधा पुढच्या अध्यक्षाचीच निवड करीत आहोत, याची कल्पना त्यांतील कित्येकांना होती. मतदारांना ती नव्हती. १२ ऑगस्टला ब्रेमर्टन येथे युद्धनौकेवरून भाषण करताना रूझवेल्ट यांच्या छातीत जोराची कळ आली. ती सुमारे पंधरा मिनिटे टिकली आणि तशाच स्थितीत, कठड्याला धरून त्यांनी भाषण संपवले. हृदयालेखात झटक्याची खूण आढळली नाही; पण हृदयाच्या स्वतःच्या रक्तपुरवठ्याचीही आता ओढाताण होत होती, हे उघड होते. प्रचारात प्रकृतीविषयी कुजबुज वाढली, तेव्हा २१ ऑक्टोबरला न्यूयॉर्कच्या थंड पावसात उघड्या मोटारीतून चार तास फिरून त्यांनी टीकाकारांची तोंडे बंद केली. त्यांच्या वयाच्या मानाने प्रकृती उत्तम असल्याचे मॅकिन्टायर सांगतच होते. ७ नोव्हेंबरला रूझवेल्ट ४३२ विरुद्ध ९९ निर्वाचक मतांनी विजयी झाले.

फेब्रुवारी १९४५ मधील याल्टा परिषदेत त्यांचा रक्तदाब २६०/१५० पर्यंत गेला होता. पोलंडच्या प्रश्नावरील एका तणावाच्या बैठकीनंतर ब्रुएन यांना त्यांच्या नाडीत एक ठोका जोरकस, तर पुढचा क्षीण असा खेळ आढळला. थकलेल्या हृदयाचे हे लक्षण. आजारी अध्यक्षाने स्टालिन यांना पूर्व युरोप आंदण दिला, असा आरोप पुढे कित्येक वर्षे होत राहिला. तो फारसा टिकत नाही. पोलंडमध्ये तेव्हा सोव्हिएत फौजा पोचलेल्याच होत्या आणि अध्यक्षांची बुद्धी शाबूत होती, असे ब्रुएन यांचे मत होते. याल्टाच्या त्या टेबलाभोवती रक्तवाहिन्यांच्या विकाराचा एकच रुग्ण बसलेला नव्हता, हेही नमूद करायला हवे. चर्चिल यांना पुढे १९४९ आणि १९५३ मध्ये पक्षाघाताचे झटके आले. स्टालिन १९५३ मध्ये मेंदूतील रक्तस्रावानेच गेले.

१ मार्चला काँग्रेसपुढे रूझवेल्ट यांनी प्रथमच बसून भाषण केले आणि पायांतील पोलादाच्या ओझ्याचा जाहीर उल्लेख केला. महिनाअखेरीस ते वॉर्म स्प्रिंग्जला विश्रांतीसाठी गेले. १२ एप्रिल १९४५ च्या दुपारी एलिझाबेथ शूमाटॉफ ही चित्रकर्ती त्यांचे व्यक्तिचित्र रंगवीत होती. एकच्या सुमारास डोक्याच्या मागच्या बाजूला भयंकर दुखत असल्याचे सांगून ते खुर्चीतच कोसळले. ब्रुएन धावत आले, तेव्हा रक्तदाबाचा वरचा आकडा ३०० च्या पलीकडे आणि खालचा १९० होता. मेंदूत प्रचंड रक्तस्राव झाला होता. ३ वाजून ३५ मिनिटांनी मृत्यू झाला. वय अवघे ६३. उपाध्यक्षपदावर जेमतेम ८२ दिवस काढलेले ट्रुमन त्या सायंकाळी अध्यक्ष झाले. अणुबाँबची तपशीलवार माहिती त्यांना त्यानंतर मिळाली. हा झटका पूर्णतः अनपेक्षित होता, असे मॅकिन्टायर यांनी देशाला सांगितले. बेथेस्डाच्या तिजोरीतील अध्यक्षांची वैद्यकीय कागदपत्रे त्यानंतर नाहीशी झाली.

ट्रुमन यांनी १६ जून १९४८ रोजी राष्ट्रीय हृदय कायद्यावर स्वाक्षरी केली. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील फ्रॅमिंगहॅम या गावात ५,२०९ स्त्री-पुरुषांची वर्षानुवर्षे तपासणी करण्याचे काम सुरू झाले. उच्च रक्तदाब, धूम्रपान आणि रक्तातील कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध या अभ्यासातून स्पष्ट होत गेला. वाढता दाब ही शरीराची गरज असते, ही समजूतही मोडीत निघाली.

औषधाच्या शोधाचा एक धागा आपल्या मुंबईत आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे निद्रानाशावर आणि वेडावर पूर्वापार दिली जात असे. तिने रक्तदाब उतरतो, हे कोलकात्याचे गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्येच नोंदवले होते, म्हणजे रूझवेल्ट अध्यक्ष होण्याच्या दोन वर्षे आधी. पण वॉशिंग्टनपर्यंत ते पोचले नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी आपल्या रुग्णांवरील अनुभव १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, तेव्हा पाश्चात्त्य जग जागे झाले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये या मुळीतून रेसरपिन वेगळे काढण्यात आले आणि १९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचा लास्कर पुरस्कार मिळाला. रेसरपिनने काही रुग्णांना खिन्नता येई, त्यामुळे पुढे ते मागे पडले. १९५८ च्या सुमारास आलेल्या थायझाइड गटातील, लघवीवाटे मीठ-पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या मात्र आजही लाखो रुग्णांच्या पोटात जातात.

या गोळ्यांनी खरेच जीव वाचतो का, याचा निवाडा एडवर्ड फ्राइस यांनी अमेरिकेतील माजी सैनिकांच्या रुग्णालयांत केला. १९६७ मध्ये जाहीर झालेल्या त्यांच्या पहिल्या चाचणीत खालचा आकडा ११५ ते १२९ असलेले १४३ पुरुष होते. नकली गोळी घेणाऱ्यांपैकी चौघे दगावले, खरी औषधे घेणाऱ्यांपैकी एकही नाही. १९७० मध्ये खालचा आकडा ९० ते ११४ असलेल्यांचे निष्कर्ष आले. औषधांनी याही रुग्णांचे पक्षाघात टळत होते. रूझवेल्ट यांचे १९३७ आणि १९४१ मधले खालचे आकडे याच पट्ट्यात होते.

त्याच वर्षी हॉवर्ड ब्रुएन यांनी पंचवीस वर्षांचे मौन सोडले. कन्या ॲना यांच्या पाठिंब्याने त्यांनी आपल्या टिपणांवरून अध्यक्षांच्या आजाराची हकिकत एका वैद्यकीय नियतकालिकात छापली. रूझवेल्ट यांच्या रक्तदाबाचे हे आकडे जगाला कळले ते त्या लेखामुळे. बेथेस्डाची मूळ फाइल आजतागायत सापडलेली नाही.