साने गुरुजी : खानदेशातील चळवळ आणि तिचा श्रोतृवर्ग

एखाद्या राजकीय चळवळीचे लेखन किती लोकांपर्यंत पोचले, या प्रश्नाचे उत्तर आपले अभ्यासक बहुधा आवृत्त्या आणि प्रती मोजून देतात. पांडुरंग सदाशिव साने यांच्या बाबतीत हे माप केवळ अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारेही ठरते. ‘श्यामची आई’च्या लोकप्रियतेवरून त्यांच्या खानदेशातील राजकीय कार्याच्या व्याप्तीचा अंदाज बांधण्याची सवय जडली आहे. वस्तुतः ज्या शेतकऱ्या-कामकऱ्यांसाठी ते तेथे झिजले, त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते. १९३१ च्या जनगणनेनुसार सबंध हिंदुस्थानातच साक्षरांचे प्रमाण शेकडा दहाच्या आसपास होते. या समाजात वाचकांपेक्षा श्रोते किती, हाच प्रश्न अधिक महत्त्वाचा होता. आणि गुरुजींच्या लेखणीचा सारा घाट त्या श्रोत्यानेच घडविलेला आहे.

२४ डिसेंबर १८९९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील पालगड येथे त्यांचा जन्म झाला. दापोली, औंध, पुणे अशी शिक्षणाची वणवण संपवून ते अमळनेरच्या तत्त्वज्ञान मंदिरात आले. तेथे त्यांचे मन रमले नाही. १९२४ मध्ये ते तेथील हायस्कुलात शिक्षक झाले आणि पुढे वसतिगृहाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली. मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे हस्तलिखित दैनिक काढीत. एक प्रत, एक फलक आणि वाचणारी मुले रोज डोळ्यांसमोर वावरणारी! आपला वाचक कोण, काल लिहिलेले त्याने वाचले की नाही, वाचून तो गप्प झाला की हसला, हे लेखकाला सायंकाळपर्यंत कळत असे. इतकी अचूक मोजदाद पुढे त्यांच्या वाट्याला कधीच आली नाही. ‘विद्यार्थी’ हे मासिक छापून निघू लागले, तेव्हा हा वाचक दूर गेला. पण समोर बसलेल्या मुलाशी बोलावे तसे लिहिण्याची रीत तेथेच पक्की झाली.

१९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात उतरले. धुळे आणि त्रिचनापल्ली येथे त्यांनी कारावास भोगला. १९३२ मध्ये ते पुन्हा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथे २१ फेब्रुवारीपासून १९ जूनपर्यंत दर रविवारी विनोबांनी गीतेवर अठरा प्रवचने दिली आणि गुरुजींनी ती भराभर उतरवून घेतली. मूळ श्रोते तुरुंगाच्या भिंतीआडचे कैदी. ‘गीता प्रवचने’चे पुढे अनेक भाषांत अनुवाद झाले, त्या प्रवासाचा आरंभ या कैद्यांच्या बैठकीत आहे. बोललेला शब्द जिवंत ठेवून कागदावर आणण्याची ही उमेदवारी गुरुजींच्या गद्याच्या दृष्टीने मोलाची मानावी लागेल. त्यानंतर अवघ्या काही महिन्यांनी, फेब्रुवारी १९३३ मध्ये, नाशिकच्या तुरुंगात त्यांनी ‘श्यामची आई’ लिहिली. तिची प्रकरणे म्हणजे ‘रात्री’ आहेत : श्याम सांगतो आणि सोबती ऐकतात. हे पुस्तकही वाचण्याआधी ऐकण्याचेच आहे.

डिसेंबर १९३६ मध्ये पूर्व खानदेशातील, म्हणजे आजच्या जळगाव जिल्ह्यातील, फैजपूर येथे जवाहरलाल नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. तयारीसाठी गुरुजी गावोगाव हिंडले, निधी आणि स्वयंसेवक जमविले, अधिवेशनात सफाईचे काम केले. त्याच वेळी तेथे किसान सभेचेही अधिवेशन झाले आणि काँग्रेसने शेतीविषयक कार्यक्रम संमत केला. ठराव संमत झाला, परंतु तो शिवारापर्यंत न्यायचा कोणी, हा प्रश्न उरलाच.

गुरुजींनी आपल्या परीने दिलेले उत्तर म्हणजे एप्रिल १९३८ मध्ये अमळनेरहून सुरू केलेले ‘काँग्रेस’ हे साप्ताहिक. भांडवल नाही, आणि बराचसा मजकूर एकहाती. शेतसारा, सावकारी, गिरणीतील मजुरी, हिंदु-मुस्लिम ऐक्य असे त्याचे विषय. यातील वाक्ये लहान आहेत, मुद्दा पुन्हा पुन्हा येतो, संबोधने वारंवार येतात. केवळ वाङ्मयीन निकष लावणाऱ्या टीकाकाराला हा पाल्हाळ वाटतो. पण मोठ्याने वाचून दाखविण्याच्या मजकुराला पुनरुक्ती लागतेच, कारण ऐकणाऱ्याला पान उलटून मागे जाता येत नाही. शेतकऱ्यांसाठी रचलेल्या गाण्यांना तर वाचकाचीही गरज नव्हती.

त्याच वर्षी अतिवृष्टीने पूर्व खानदेशातील पिके बुडाली. सारामाफीसाठी गुरुजींनी शेतकरी संघटित केले आणि जळगावला मोर्चा नेला. मुंबईत त्या वेळी काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. पक्षाचे नाव धारण करणाऱ्या साप्ताहिकाचा संपादक पक्षाच्या सरकारकडे दाद मागत होता. त्यामुळे पक्षातील अनेकांची नाराजीही त्याने ओढवून घेतली. साप्ताहिकाचा परिणाम पाहायचा तो येथे. प्रतींच्या आकड्याने मोर्चातली पावले मोजता येत नाहीत.

तथापि या प्रसाराच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. गुरुजींचे चरित्रकार या बाबतीत काहीसे भाविक झाले आहेत. खानदेशच्या घराघरांत बोलली जाई ती अहिराणी, रावेर-यावलकडे लेवा बोली, सातपुड्यात भिलांच्या बोली. गुरुजींची मराठी मात्र कोकणात वाढलेल्या आणि पुण्यात शिकलेल्या ब्राह्मण शिक्षकाची राहिली. तिच्यातील जिव्हाळ्याने हे अंतर पुष्कळ कमी केले, पण मिटविले नाही. ज्याला आपण चळवळीचा वाचक म्हणतो, तो प्रथम शाळेत गेलेला मुलगा होता. त्याच्या मागे त्याने वाचून दाखविलेले घर होते.

१९४० मध्ये युद्धविरोधी प्रचारासाठी गुरुजी पुन्हा तुरुंगात गेले. धुळ्याच्या कारागृहात या वेळी तरुण मधु लिमये त्यांच्या सहवासात होते. १९४२ मध्ये ते भूमिगत झाले आणि १९४३ मध्ये पकडले गेले. दरम्यान ९ सप्टेंबर १९४२ रोजी पश्चिम खानदेशातील नंदुरबार येथे मिरवणुकीवर गोळीबार होऊन शिरीषकुमार मेहता आणि त्याचे बालसोबती हुतात्मे झाले. या बलिदानाचे श्रेय गुरुजींच्या लेखनाला जोडण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. लेखन आणि घटना एका प्रदेशात घडली, एवढ्याने कार्यकारणभाव सिद्ध होत नाही.

पंढरपूरचे विठ्ठल मंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी आधी महाराष्ट्रभर दौरा केला आणि मग मे १९४७ मध्ये उपोषण आरंभिले. येथेही छापील शब्दापूर्वी सभा आहे. १५ ऑगस्ट १९४८ रोजी ‘साधना’ साप्ताहिक निघाले ते मुंबईहून. तोवर गुरुजी महाराष्ट्रभर पोचले होते. ११ जून १९५० रोजी त्यांनी स्वतःच्या हाताने आयुष्य संपविले. तीन वर्षांनी आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ हा चित्रपट आला, त्याला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक लाभले आणि अक्षरशत्रू प्रेक्षकापर्यंतही श्याम पोचला. अमळनेरचा साराबंदीवाला संपादक मात्र त्या पडद्यावर नव्हता.