संत गोन्सालो गार्सिया : वसईचा व्यापारी, ख्रिस्ताचा साक्षी

ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगी आपल्या धर्मग्रामातील प्रापंचिक बंधुभगिनींपुढे कोणाचे चरित्र ठेवावे, असा विचार करता एक नाव आपोआप पुढे येते. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात उगम पावून गोदावरी पूर्वेस जाते, हे सर्वांस ठाऊक आहे. त्याच डोंगरातून निघालेली वैतरणा मात्र पश्चिमेस उतरते व वसईच्या उत्तरेस सागरास मिळते. त्या वसईच्या भूमीत भारतात जन्मलेला पहिला संत निपजला. ते संत गोन्सालो गार्सिया होत.

त्यांचा जन्म सुमारे १५५७ साली झाला. १५३४ पासून वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात होती. पिता पोर्तुगीज व माता वसईकडील, अशा कुटुंबात जन्मलेल्या या बालकाचे शिक्षण येशूसंघाच्या धर्मगुरूंजवळ झाले. त्यांपैकी फादर सेबास्तियन गोन्साल्विस यांच्यासमवेत ते १५७२ साली, अवघ्या पंधराव्या वर्षी, जपानला गेले. तेथील कठीण भाषा त्यांनी अल्पावधीत आत्मसात केली आणि सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून धर्मगुरूंना साह्य केले.

येशूसंघात प्रवेश मिळावा, ही त्यांची मनीषा होती. परंतु तो प्रवेश लांबणीवर पडत गेला आणि अखेर मिळालाच नाही. ज्या द्वारापाशी तारुण्याची आठ वर्षे सेवेत घालविली, ते द्वार उघडू नये, याहून कठीण कसोटी कोणती? अशा वेळी कित्येकांची श्रद्धा कोमेजते. कित्येक जण ख्रिस्तसभेवरच रुसून बसतात. गोन्सालोंनी तसे केले नाही. त्यांनी व्यापार सुरू केला. पूर्वेकडील बंदरांतून त्यांचा धंदा भरभराटीस आला, हाती पैसा आला, नाव झाले. तथापि त्या नफ्यातोट्याच्या गजबजाटातही त्यांच्या अंतःकरणातील पहिली हाक बुजली नाही.

पुढे ते फिलिपाईन्समधील मनिला येथे गेले. तेथे ब्रदर जुआन पोब्रे या फ्रान्सिस्कन संघाच्या व्रतस्थाशी त्यांचा स्नेह जडला. जमलेल्या संपत्तीचा मोह सोडून त्यांनी दारिद्र्याचे व्रत घेतले व त्या संघात ब्रदर म्हणून प्रवेश केला. ते धर्मगुरू नव्हते. मिस्सा अर्पण करण्याचा किंवा पापनिवेदन ऐकण्याचा अधिकार त्यांना नव्हता. हात, जिव्हा व अंतःकरण एवढेच त्यांचे भांडवल होते.

जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याने १५८७ सालीच मिशनऱ्यांस देश सोडण्याची आज्ञा काढली होती. तरी १५९३ साली फिलिपाईन्सच्या गव्हर्नरांच्या वतीने फादर पेद्रो बाप्तिस्ता त्याच्या भेटीस गेले, आणि दुभाषी म्हणून गोन्सालो त्यांच्याबरोबर होते. तरुणपणी शिकलेली ती भाषा आता प्रभूच्या उपयोगी पडली. जे वर्षानुवर्षांचे श्रम वाया गेलेसे वाटले होते, तेच परमेश्वराने उचलून घेतले. मियाको, म्हणजे आजचे क्योतो, येथे या व्रतस्थांनी मंदिर उभारले आणि ज्यांना समाजाने दूर लोटले होते, अशा कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालविली.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश गलबत जपानच्या किनाऱ्यास लागून फुटले. त्या प्रकरणातून हिदेयोशीचा संशय व रोष भडकला आणि डिसेंबरात व्रतस्थांस अटक झाली. जानेवारी १५९७ मध्ये मियाको नगरात त्यांच्या डाव्या कानाचा भाग कापून त्यांची धिंड काढण्यात आली. नंतर भर हिवाळ्यात सुमारे महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस नेले. तेथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी सव्वीस जणांना क्रूसांवर चढवून भाल्यांनी विंधण्यात आले. गोन्सालो तेव्हा सुमारे चाळीस वर्षांचे होते.

त्या सव्वीस जणांत सहा फ्रान्सिस्कन व तीन येशूसंघीय होते; उरलेले सतरा जण जपानी प्रापंचिक होते. त्यांत एक वैद्य होता, एक स्वयंपाकी होता, तलवारी घडविण्याच्या धंद्यातला कारागीर होता, आणि बारा वर्षांचा लुई इबाराकीही होता. चूल, औषधाची मात्रा आणि कारागिराची हत्यारे यांच्या सोबतीने ज्यांनी श्रद्धा जोपासली, त्यांनाच क्रूसाचा मान मिळाला, हे आपण ध्यानात धरावे.

पोप आठवे उर्बन यांनी १६२७ साली या हुतात्म्यांस धन्यवादित पद दिले आणि पोप नववे पायस यांनी ८ जून १८६२ रोजी त्यांना संत म्हणून घोषित केले. वसईजवळील गास येथील मंदिर आज संत गोन्सालोंच्याच नावाने उभे आहे.

प्रिय धर्मबंधुभगिनींनो, हौतात्म्य एका दिवसात घडले. त्याची तयारी मात्र दुकानात, भाषेच्या अभ्यासात व रोग्याच्या अंथरुणापाशी पंचवीस वर्षे चालली होती. आपणांपैकी कोणी शेत कसतो, कोणी यात्रेकरूंच्या गर्दीत दुकान मांडतो, कोणी नाशिकच्या कारखान्यात वा रुग्णालयात पाळी करतो. तराजूचे माप खरे असणे, परधर्मीय शेजाऱ्याशी त्याच्या बोलीत आदराने बोलणे, घरच्या आजाऱ्याचा कंटाळा न करणे आणि मनाजोगते द्वार मिटले तरी प्रभूवर न रुसणे, हीच आपली रोजची साक्ष आहे. रविवारच्या मिस्सेत घेतलेला प्रसाद सोमवारच्या बाजारात दिसला नाही, तर ज्युबिलीचे तोरण कोरडेच राहील.

वसईच्या या संताच्या मध्यस्थीने आपल्या घराघरांस ती निष्ठा लाभो, हीच परमेश्वरचरणी प्रार्थना.