फॅनी बर्नी : वेदनेची साक्ष नोंदवणारी लेखिका

बेंगळूरूची किडवाई स्मारक कर्करोग संस्था असो वा देशातील अन्य कर्करोग रुग्णालये, स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला एक साधा प्रश्न विचारण्याची पद्धत आज रूढ आहे. शून्य म्हणजे वेदना नाही आणि दहा म्हणजे असह्य वेदना, असे मानल्यास आपली वेदना किती? वेदनेचे माप रुग्णाच्याच सांगण्यावरून ठरते, हे त्यामागील तत्त्व आहे. भूल देण्याचे तंत्र युरोपात येण्यापूर्वी याच शस्त्रक्रियेला सामोऱ्या गेलेल्या इंग्रज लेखिका फॅनी बर्नी यांनी अशी साक्ष दोनशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवली.

फ्रान्सिस ऊर्फ फॅनी बर्नी यांचा जन्म १३ जून १७५२ रोजी इंग्लंडमधील किंग्ज लिन येथे झाला. त्यांचे वडील चार्ल्स बर्नी हे संगीताचे नामवंत इतिहासकार होते. १७७८ मध्ये निनावी प्रसिद्ध झालेल्या ‘एव्हलिना’ या कादंबरीने फॅनी यांना कीर्ती मिळवून दिली. १७८६ ते १७९१ या काळात त्या राणी शार्लट यांच्या सेवेत होत्या. भारतातील कारभाराबद्दल वॉरन हेस्टिंग्ज यांच्यावर चाललेल्या महाभियोगाची सुनावणीही त्यांनी प्रत्यक्ष पाहिली आणि दैनंदिनीत टिपून ठेवली.

१७९३ मध्ये त्यांनी फ्रेंच सेनाधिकारी अलेक्झांडर दार्ब्ले यांच्याशी विवाह केला. १८०२ मध्ये त्या पतीकडे फ्रान्सला गेल्या. पुढे युद्ध भडकल्याने त्यांना दहा वर्षे तेथेच राहावे लागले.

१८१० मध्ये त्यांच्या उजव्या स्तनात वेदना सुरू झाली. डॉक्टरांनी कर्करोगाचे निदान केले. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिसमधील राहत्या घरी नेपोलियनच्या सैन्याचे विख्यात शल्यविशारद डोमिनिक लारे यांनी शस्त्रक्रिया केली. पतीला हे पाहावे लागू नये म्हणून फॅनी यांनी त्यांना घराबाहेर ठेवण्याची व्यवस्था केली होती. काळ्या पोशाखातील सात पुरुष खोलीत आले. भूल म्हणून केवळ मद्यमिश्रित पेय देण्यात आले. चेहऱ्यावर टाकलेल्या तलम रुमालातून त्यांना शस्त्राची चकाकी दिसत होती. सुमारे वीस मिनिटे चाललेल्या या शस्त्रक्रियेत त्या बहुतांश काळ शुद्धीवर होत्या.

सात वर्षांपूर्वीच, १८०४ मध्ये, जपानमधील हानाओका सेईशू यांनी धोतऱ्याचा अंश असलेले औषध पाजून, रुग्णाला पूर्ण गुंगीत ठेवून स्तनाची शस्त्रक्रिया केली होती. मात्र जपानचा बाह्य जगाशी संबंध अत्यल्प असल्याने युरोपला त्याची वार्ता नव्हती.

अनेक महिन्यांनी फॅनी यांनी बहीण एस्थर हिला घडलेला प्रसंग पत्राने कळवला. आठवणींनीच डोके दुखू लागे, त्यामुळे पत्र पूर्ण होण्यास सुमारे तीन महिने लागले. शस्त्रक्रियेतील प्रत्येक टप्प्यावर वेदनेचे स्वरूप कसे बदलत गेले, हे त्यात बारकाईने नोंदवलेले आहे. रुग्णाच्या बाजूने लिहिलेला असा वृत्तांत त्या काळात दुर्मीळ होता. वैद्यकाच्या इतिहासाचे अभ्यासक आजही त्याचा आधार घेतात.

शस्त्रक्रियेनंतर फॅनी २८ वर्षांहून अधिक काळ जगल्या. त्यामुळे ती गाठ खरोखरच कर्करोगाची होती का, याविषयी आज शंका व्यक्त केली जाते. ६ जानेवारी १८४० रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर सहा वर्षांनी, १८४६ मध्ये, अमेरिकेतील बोस्टन येथे ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक झाले.

भुलेमुळे शस्त्रक्रियेच्या वेळची वेदना संपली, तरी नंतरची वेदना पूर्णपणे संपलेली नाही. स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर अनेक स्त्रियांना ती कित्येक महिने जाणवते. सारखीच शस्त्रक्रिया झालेल्या दोन स्त्रियांची वेदना मात्र सारखी नसते. म्हणून काही संशोधक शस्त्रक्रियेपूर्वीच रुग्णाची संवेदनशीलता मोजतात. त्वचेवर उपकरणाने हळूहळू दाब वाढवला जातो आणि दाबाचे दुखण्यात रूपांतर कधी झाले, हे रुग्ण सांगते. अधिक त्रास होण्याची शक्यता असलेल्या रुग्णांसाठी वेदनाशामक उपचारांचे नियोजन आधीच करता यावे, हा त्यामागील उद्देश आहे.

उपकरण दाब मोजते. तो केव्हा दुखू लागला, हे मात्र आजही रुग्णालाच सांगावे लागते. फॅनी बर्नी यांच्या पत्राचे मोल त्यामुळेच टिकून आहे.