डेनिस रिची : कळफलकामागचा शिल्पकार

परभणी, सेलू किंवा गंगाखेड येथे लिनक्सवर चालणाऱ्या संगणकावर मराठी मजकूर टंकणाऱ्याला डेनिस रिची हे नाव ठाऊक असेलच असे नाही. मात्र दाबलेली कळ अक्षर होऊन पडद्यावर उमटते, त्या वाटेची आखणी करणाऱ्यांत रिची अग्रणी होते.

न्यूयॉर्कजवळील ब्रॉन्क्सव्हिल येथे ९ सप्टेंबर १९४१ रोजी त्यांचा जन्म झाला. वडील बेल लॅबोरेटरीजमध्ये संशोधक होते. हार्वर्ड विद्यापीठात शिकून रिचीही १९६७ मध्ये तेथेच रुजू झाले. १९६९ मध्ये सहकारी केन थॉम्पसन यांनी युनिक्स या कार्यप्रणालीचा पाया घातला. तिच्या जडणघडणीत रिची प्रारंभापासून सहभागी होते.

त्या काळी कार्यप्रणाली बहुधा त्या-त्या यंत्राच्याच भाषेत लिहिली जाई. यंत्र बदलले की श्रम वाया जात. रिची यांनी ‘सी’ ही संगणकभाषा घडविली आणि १९७३ मध्ये युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. युनिक्सने उपकरणांनाही फाइलसारखेच मानले. त्यामुळे उपकरणाच्या अंतर्गत रचनेचा भार प्रोग्रॅमवरून उतरला आणि ‘ड्रायव्हर’वर आला. १९७८ च्या सुमारास इंटरडेटा ८/३२ या निराळ्या यंत्रावर युनिक्स नेताना गाभ्याचा बराचसा भाग तसाच वापरता आला. अडचण उरली ती ड्रायव्हरची.

१९८३ मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्काराने गौरविले गेल्यावरही हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. १९८४ मध्ये त्यांनी ‘स्ट्रीम्स’ ही रचना मांडली. कळफलकावरून येणाऱ्या अक्षरांवरील प्रक्रिया तिने सुट्या, जोडता-काढता येणाऱ्या भागांकडे सोपविली. एटी अँड टीच्या युनिक्सने ती स्वीकारली. लिनक्सच्या मुख्य शाखेने नाही. परिणामी, एकाच घराण्यातील प्रणालींच्या चालीरीती भिन्न राहिल्या. लिनक्समध्ये ‘इव्हडेव्ह’ आहे, ओपनबीएसडीत ‘डब्ल्यूएसकॉन्स’. एकीसाठी लिहिलेला ड्रायव्हर दुसरीत जसाच्या तसा चालत नाही.

तरीही थर वेगळे ठेवण्याचा विचार टिकला. देवनागरी कळफलकाची मांडणी आज ड्रायव्हरपासून अलग असते. म्हणूनच कळफलक बदलला तरी मराठी अक्षरांच्या जागा बदलत नाहीत.

ऑक्टोबर २०११ मध्ये रिची न्यू जर्सीतील राहत्या घरी मृतावस्थेत आढळले. आठवड्यापूर्वीच स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि जग त्या शोकात होते. रिची यांचे जाणे, त्यांच्या कामाप्रमाणेच, फारसे कोणाच्या नजरेत आले नाही.