सुभेदारांचे पेन्शन आणि लेकींचे दागिने

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या वकिलीच्या कार्यालयात पक्षकार कमी आणि आई-बाप जास्त दिसू लागतात. कुणाच्या हातात उत्पन्नाचा दाखला, कुणाच्या हातात जातीचा दाखला, कुणाचे जातवैधतेचे प्रकरण समितीपुढे अडकलेले, कुणाचा आधार क्रमांक बँकेच्या खात्याला जोडलेलाच नाही. मुलगा किंवा मुलगी बाजूला उभी, आणि बाप प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढून टेबलावर मांडतो. या गर्दीत आम्हाला दरवर्षी एका बापाची आठवण होते. त्यांच्या मुलाची जयंती आपण गावोगावी साजरी करतो, पण बापाबद्दल चार ओळींपलीकडे बोलत नाही. ते म्हणजे सुभेदार रामजी मालोजी सकपाळ.

सुभेदारांचे मूळ गाव कोकणातले, मंडणगड तालुक्यातले आंबडवे. वडील मालोजी फौजेत होते, रामजीही फौजेत गेले. इंग्रजांच्या त्या फौजेत एक गोष्ट चांगली होती. सैनिकांच्या मुलामुलींना शिक्षण सक्तीचे होते. गावात ज्याची सावली चालत नव्हती, त्याच्या मुलाला छावणीत पाटी-पुस्तक मिळत होते. रामजी पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये शिकले, शिक्षक झाले आणि पुढे चौदा वर्षे लष्करी शाळेचे मुख्याध्यापक राहिले. म्हणजे बाबासाहेबांच्या घरात शिक्षण बडोद्याच्या महाराजांमुळे शिरले, असे जे सर्रास सांगितले जाते, ते अर्धेच खरे आहे. शिक्षण घरात अगोदरच होते. नव्हता तो पैसा.

भीमाबाई मुरबाडच्या सुभेदार-मेजरांची लेक. चौदा अपत्ये झाली, त्यांतले चौदावे भीमराव, जन्म १४ एप्रिल १८९१, महू. सुभेदार निवृत्त झाले, तेव्हा हातात पेन्शन होते महिना पन्नास रुपये. महार समाजाला फौजेत घेणे सरकारने थांबवले, तेव्हा त्याविरुद्ध अर्ज तयार करण्यासाठी न्यायमूर्ती रानड्यांची मदत घ्यायला जाणारे हेच रामजी. अर्ज कसा करावा, कुणाकडे करावा, कोणत्या शब्दांत करावा, हे त्या माणसाला कळत होते. एवढा मोठा वारसा बाबासाहेबांना कुठून मिळाला, याचा शोध घेणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी.

पुढे दापोली, मग सातारा. साताऱ्यात भीमाबाई गेल्या, तेव्हा भीमराव पाच-सहा वर्षांचे होते. अपंग आत्या मीराबाईंनी पोरे सांभाळली. सुभेदार दुष्काळी कामावरच्या तलावाच्या ठिकाणी खजिनदाराची नोकरी करीत, आणि त्यांना भेटायला निघालेल्या पोरांचा मसूर स्टेशनापासूनचा बैलगाडीचा प्रवास वाचकांना ठाऊकच आहे. तो इथे पुन्हा सांगत नाही.

७ नोव्हेंबर १९०० या दिवशी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात भिवा रामजी आंबेडकर अशी नोंद झाली. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. इथे वकील म्हणून थोडे आडवळण घेतो, वाचकांनी माफ करावे. शाळेच्या नोंदवहीतली अशी जुनी नोंद आज जातवैधतेच्या प्रकरणात सोन्याच्या मोलाची असते. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० ही तारीख महत्त्वाची. त्यापूर्वी आपले पूर्वज महाराष्ट्रात राहत होते आणि त्यांची जात काय होती, याचा पुरावा अर्जदारानेच द्यायचा असतो. २००० च्या जातपडताळणी कायद्याने सिद्ध करण्याचा भार आपल्यावर टाकला आहे, समितीवर नाही. म्हणून आम्ही प्रत्येक बापाला सांगतो, बाबा रे, बारावीची वाट पाहू नकोस. पोरगा नववीत असतानाच आजोबांच्या शाळेत जा, प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा काढून आण. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर चुलत आजोबांचा बघ, गावच्या कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद बघ. सुभेदारांनी पोराला शाळेत घातले, तेव्हा मागे एक कागदही ठेवला. ज्यांच्या आज्या-पणज्यांना शाळेच्या दारातच हाकलले, त्यांनी कागद आणायचा कुठून, हा प्रश्न कायद्यात कुठेच नाही.

असो. सुभेदारांकडे वळू या.

सुभेदारांनी दुसरे लग्न केले, ते लहान भीमरावांना रुचले नाही. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर बघवेनात. आता स्वतः कमवायचे, मुंबईला गिरणीत जायचे, असे पोराने ठरवले. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी तीन रात्री चाचपली, चौथ्या रात्री हाती लागली आणि आत सापडला अर्धा आणा! त्या अर्ध्या आण्याने गिरणीला एक कामगार कमी मिळाला. पोराने ठरवले की आता जीव लावून शिकायचे, आणि लवकर बापाच्या जिवावरचे जगणे संपवायचे. तोवर सुभेदारांनी त्यांच्याकडून तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके घोटून घेतली होती. इंग्रजी चांगले झाले ते हॉवर्डची वाचनमाला आणि तर्खडकर यांच्यावर, शिकवणी घरची.

मग कुटुंब मुंबईला आले. परळला डबक चाळ, एकच खोली. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची जागा, तीच अभ्यासिका. डोक्याशी जाते, वर सरपण, एका बाजूला शेळी. दोघांना एका वेळी झोपायला जागा पुरत नव्हती, म्हणून बापाने एक व्यवस्था केली. पोराला लवकर झोपवायचे, स्वतः रात्री दोनपर्यंत जागायचे, दोनला पोराला उठवायचे आणि मग त्या जागेवर आपण आडवे व्हायचे. पोरगा बिनकाचेच्या दिव्याखाली पहाटेपर्यंत वाचत बसे. एल्फिन्स्टन हायस्कूल हे सरकारी नामांकित विद्यालय, त्यात सुभेदारांनी मुद्दाम घातले. दोन मुलांचा खर्च पेलवेना, म्हणून आनंदरावांना शिक्षण सोडून नोकरी धरावी लागली. एका भावाच्या पदवीखाली दुसऱ्या भावाची शाळा गाडलेली असते, हे आपल्या घराघरांत आहे, पण त्याचा उल्लेख कुणी करीत नाही.

आणि पुस्तके? भीमरावांना अभ्यासाच्या पुस्तकांपेक्षा इतर पुस्तकांचा नाद अधिक. हवे ते पुस्तक सुभेदार आणून देत. पैसे नसले की मुंबईतच दिलेल्या धाकट्या लेकीकडे जात आणि चार-दोन रुपये उसने मागत. तिच्याकडे नसले तर थोरलीकडे. थोरलीकडेही रोख नसे. मग ती लग्नात मिळालेला एखादा दागिना काढून देई, सुभेदार तो सावकाराकडे गहाण टाकून पुस्तक आणीत, आणि पेन्शन झाले की दागिना सोडवून लेकीला परत करीत. मंजुळा आणि तुळसा ही त्या दोघींची नावे. भारताच्या घटनाकाराच्या शिक्षणाला पहिली शिष्यवृत्ती दिली ती या दोघींनी. ती मिळायला दाखला लागला नाही, शिफारस लागली नाही.

या व्यवहारात एक बारकावा आहे, तो आम्हाला आमच्या कार्यालयातल्या आया-बापांमुळे कळला. सुभेदार दागिना गहाण टाकू शकत होते, कारण पेन्शन कोणत्या दिवशी येणार हे त्यांना माहीत होते. सावकारालाही माहीत होते. दागिना परत येणार याची लेकीला खात्री होती. गेल्या काही वर्षांपूर्वी एक आई आमच्याकडे आली होती, लोकांच्या घरी धुणी-भांडी करणारी. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला, कागदपत्रे पूर्ण, शिष्यवृत्तीला पात्र. तरी महाविद्यालयाने सांगितले, आधी फी भरा, शिष्यवृत्ती आली की परत देऊ. बाईंनी गळ्यातले गहाण टाकले. वर्ष उलटले, शिष्यवृत्ती आली नाही. दुसऱ्या वर्षाचा अर्ज भरायची वेळ आली, तरी पहिल्याचा पत्ता नाही. व्याज दागिन्याच्या किमतीपाशी पोचले. आम्ही महाविद्यालयाला नोटीस दिली, समाजकल्याणकडे लेखी तक्रार केली, पैसे आले. पण तोवर दागिना लिलावात गेला होता. नाव घेत नाही, कारण अशी महाविद्यालये एक-दोन नाहीत.

भीमराव १९०७ साली मॅट्रिक झाले. सातशे पन्नासपैकी दोनशे ब्याऐंशी गुण. आजच्या गुणवत्तेच्या ठेकेदारांनी हा आकडा लिहून ठेवावा! सत्कार झाला, अध्यक्ष सीताराम केशव बोले, आणि कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भेट दिले. चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचत बसणारा हा मुलगा केळुस्करांच्या नजरेत आधीच भरला होता. एल्फिन्स्टन कॉलेजात प्रवेश झाला, इंटर झाले, आणि तिथे सुभेदार थकले. पन्नास रुपयांत आणखी ओढणे शक्य नव्हते. अस्पृश्यांमधल्या लायक विद्यार्थ्याला मदत करू, असे सयाजीराव महाराजांनी मुंबईत जाहीर केले होते. केळुस्कर भीमरावांना घेऊन महाराजांकडे गेले. महाराजांनी काही प्रश्न विचारले, उत्तरे पटली, महिना पंचवीस रुपये मंजूर झाले. म्हणजे अर्ज, शिफारस, मुलाखत आणि मंजुरी हे सगळे एका भेटीत आटोपले. सयाजीराव आणि केळुस्कर यांचे उपकार समाज विसरलेला नाही, विसरणारही नाही. पण त्या काळी केळुस्करांच्या नजरेला न पडलेली किती पोरे गिरणीत गेली, हेही मनात येते.

बी. ए. झाल्यावर बडोद्याची नोकरी धरायची भीमरावांनी ठरवली, ते सुभेदारांना पसंत नव्हते. जानेवारी १९१३ मध्ये मुलगा गेलाच. थोड्याच दिवसांत वडील अत्यवस्थ असल्याची तार गेली. परतताना भीमराव सुरतेला उतरले, वडिलांसाठी मिठाई घ्यायला, आणि गाडी चुकली. दुसऱ्या दिवशी पोचले, तेव्हा सुभेदार डोळ्यांत प्राण आणून वाट पाहत होते. मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३. मागे दागदागिने नाहीत, जमीनजुमला नाही, कर्ज मात्र होते.

चारच महिन्यांनी, ४ जून १९१३ रोजी, भीमरावांनी बडोद्यात करारनाम्यावर सही केली. कोलंबिया विद्यापीठ, तीन वर्षे, दरमहा साडेअकरा पौंड, आणि बदल्यात दहा वर्षे संस्थानची चाकरी. हे बघायला बाप नव्हता. पुढचे सगळ्यांना पाठ आहे. १९१६ ला लंडन, शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ ला अर्धवट परत, कराराप्रमाणे बडोद्यात नोकरी, आणि तिथे राहायला छप्पर नाही. पारशांच्या वसतिगृहातून काठ्या घेऊन आलेल्यांनी बाहेर काढले. ज्या गावाने डोक्यावर छप्पर दिले नाही, त्या संस्थानने पुढे शिष्यवृत्तीचे पैसे परत मागितले. १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजातली प्राध्यापकी, साडेचारशे रुपये पगार, त्यातून काटकसर, शाहू महाराजांची मदत, नवल भथेनांकडून पाच हजारांचे कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. इकडे माता रमाई काय खात होत्या, हे सांगायला एक वेगळा लेख लागेल.

आम्हाला सांगायचे आहे ते १९४२ नंतरचे. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉयपुढे अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे निवेदन ठेवले. त्यात नोकऱ्या होत्या, तसे उच्च शिक्षणासाठी पैसे होते. त्यातून अनुसूचित जातींच्या मुलांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती १९४४ साली सुरू झाली, काही मुले परदेशीही गेली. राजाची मर्जी, गुरुजींची शिफारस, दहा वर्षांचा करारनामा, यातले काही न लागता सरकारच्या तिजोरीतून येणारा हा पैसा. लेकीचा दागिना, महाराजांचे पंचवीस रुपये आणि मित्राचे कर्ज हे तिन्ही भोगलेल्या माणसाने ती योजना मागून घेतली होती. एखादा अधिकारी तिला सवलत म्हणतो, तेव्हा आमच्या अंगाचा तिळपापड होतो.

धर्मांतरानंतर बौद्धांना महाराष्ट्राने १९६० मध्ये सवलती लागू केल्या, केंद्राने १९९० पर्यंत वाट पाहायला लावली. २०२१ पासून शिष्यवृत्तीत केंद्राचा वाटा साठ टक्के, राज्याचा चाळीस. केंद्राचा पैसा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. उत्पन्नाची मर्यादा त्या नियमांत वार्षिक अडीच लाख ठेवली आहे. घरातले दोघे साध्या पगारावर राबले तरी ती ओलांडली जाते, मग शिष्यवृत्ती नाही, फ्रीशिपचा अर्ज करायचा. पैसे मुलाच्या खात्यात आले, की फीचा भाग महाविद्यालयात भरून पावती घ्यायची. हे अनेक आई-बापांना कुणी सांगत नाही, पैसे घरखर्चात जातात आणि परीक्षेच्या तोंडावर पोराचे हॉलतिकीट अडते. अर्ज महाविद्यालयाच्या कारकुनाकडे पडून राहिला तर तो समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांपर्यंत जातच नाही, म्हणून महाडीबीटीवर दर पंधरवड्याला अर्जाची स्थिती बघावी लागते. त्रुटी काढून अर्ज परत आलेला असतो आणि बापाला वाटते काम झाले.

ज्या शाखेत प्रत्येक वंदनेला वीस-पंचवीस घरे जमतात, तिथे रविवारी दोन शिकलेली मुले, एक संगणक आणि एक झेरॉक्सवाला बसवता येईल. आम्ही आमच्या वस्तीच्या विहारात गेल्या जूनपासून बसतो आहोत. पहिल्या रविवारी अकरा जण आले. त्यांतल्या सात जणांचा उत्पन्नाचा दाखला मुदत संपलेला होता, आणि एक रिक्षाचालक बाप पोरीचे कागद द्यायला आला, तेव्हा रात्रपाळी करून तसाच आला होता. पोरगी अर्ज भरत होती, तोवर तो विहाराच्या भिंतीला टेकून झोपला. आम्ही त्याला उठवले नाही.