माणूसपण परत देणारे फादर डेमियन

कुष्ठरोगाच्या इतिहासात १८७३ हे वर्ष दोन कारणांनी महत्त्वाचे आहे. त्या वर्षी नॉर्वेतील डॉ. गेरहार्ड हॅन्सन यांना या रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आणि त्याच वर्षी १० मे रोजी, प्रशांत महासागरातल्या हवाई बेटांपैकी मोलोकाईवरच्या कुष्ठवसाहतीत तेहतीस वर्षांचा एक बेल्जियन धर्मगुरू उतरला. त्यांचे नाव फादर डेमियन.

त्यांचे मूळ नाव जोसेफ डी व्हुस्टर. ३ जानेवारी १८४० रोजी बेल्जियममधील ट्रेमेलो या खेड्यात त्यांचा जन्म झाला. थोरल्या भावापाठोपाठ तेही मठात दाखल झाले. पण शिक्षण तोकडे असल्यामुळे हा मुलगा धर्मगुरू होऊ शकणार नाही, असे वरिष्ठांचे मत पडले. भावाकडून लॅटिन शिकून त्यांनी ते मत बदलायला लावले. पुढे हवाईला निघालेला भाऊ टायफसने अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याच्या जागी जाण्याची परवानगी त्यांनी स्वतः पत्र लिहून मिळवली. १८६४ मध्ये ते होनोलुलूला पोहोचले आणि तिथेच त्यांना धर्मगुरूपदाची दीक्षा मिळाली.

हवाईत १८६५ मध्ये कायदा झाला होता. कुष्ठरुग्णांना पकडून मोलोकाईच्या एका टोकाला नेऊन सोडत. तीन बाजूंना समुद्र, चौथीकडे उभा कडा. आईबापांपासून, मुलांपासून कायमची ताटातूट. तिथे राहणारा डॉक्टर नव्हता, धड निवारा नव्हता. शरीर झिजण्याआधी मन मरे. आपण आता कोणाचे नाही आणि कोणाच्या उपयोगाचेही नाही, ही भावना तिथल्या माणसाला आतून पोखरत असे.

चार धर्मगुरूंनी आळीपाळीने तिथे जावे, अशी बिशपांची योजना होती. पहिले गेले ते डेमियन, आणि ते शेवटपर्यंत तिथेच राहिले. ते सुतारकाम जाणत. त्यांनी रुग्णांना सोबत घेऊन घरे बांधली, पाण्याचे नळ आणले, अनाथ मुलांसाठी आश्रम उभारला. जखमा धुतल्या, शवपेट्या केल्या, कबरी खणल्या. गायनवृंद आणि वाद्यवृंद उभे केले. प्रत्येक माणूस ही ईश्वराची प्रतिमा आहे, ही त्यांची श्रद्धा. चेहरा विद्रूप झाला, बोटे झिजली, तरी त्या माणसाची किंमत रतीभरही कमी होत नाही, हे त्यांनी कृतीतून दाखवले. ते रुग्णांबरोबर एकाच भांड्यात जेवत. स्वतः निरोगी असतानाही प्रवचनात ते कुष्ठरुग्णांत स्वतःला धरूनच बोलत.

१८८४ च्या अखेरीस त्यांचा पाय गरम पाण्याने भाजला. फोड आले, पण वेदना झाली नाही. वैद्यकीयदृष्ट्या ही खूण महत्त्वाची. कुष्ठजंतू नसांवर हल्ला करतात आणि त्वचेची संवेदना जाते. मग भाजलेले, कापलेले कळत नाही, जखमा चिघळतात आणि बोटे झिजतात. पुढच्याच वर्षी निदान पक्के झाले. बहुतेक लोकांमध्ये या जंतूंविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. डेमियन अपवादांपैकी निघाले. तरी त्यांनी काम थांबवले नाही.

ते हट्टी होते, वरिष्ठांशी त्यांचे खटके उडत. स्वतःची काळजी मात्र त्यांनी कधी घेतली नाही, आणि त्याचे अनुकरण करू नये. १८८८ मध्ये तिथे आलेल्या मदर मॅरियन कोप यांनी हात धुण्याची शिस्त काटेकोरपणे पाळायला लावली. त्या तीस वर्षे रुग्णांत राहिल्या, पण त्यांना हा रोग झाला नाही. माया आणि स्वच्छता यांचे वैर नाही.

१५ एप्रिल १८८९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी डेमियन गेले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला नेले. १९९५ मध्ये त्यांचा उजवा हात मोलोकाईला परत आणून मूळ कबरीत ठेवला. २००९ मध्ये चर्चने त्यांना संतपद दिले.

आज बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोग साधारण सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. सरकारी दवाखान्यांत तो मोफत मिळतो, आणि उपचार सुरू होताच संसर्गाची शक्यता झपाट्याने कमी होते. तरीही आमच्याकडे रुग्ण उशिरा येतात. चट्टा महिनोन्‌महिने बाहीखाली झाकलेला असतो, कारण रोगापेक्षा घरचे काय म्हणतील याचीच धास्ती मोठी. गोळ्यांचे पाकीट देणे दोन मिनिटांचे काम आहे. त्या माणसाला ताठ मानेने घरी पाठवणे अवघड, आणि ते नुसत्या औषधाने होत नाही.

अंगावर फिकट किंवा लालसर, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, लगेच दाखवा. आणि उपचार घेणारा कोणी शेजारी, नातलग असेल, तर त्याच्याबरोबर एका पंगतीला जेवायला बसा. त्यात धोका नाही.